स्लीमन : ठगांचा बंदोबस्त आणि त्याची किंमत

काठीला सोने बांधून खुशाल काशीस जावे, असे चांगल्या राज्यव्यवस्थेचे वर्णन आपल्याकडील वडीलधारी मंडळी करीत असत. पेंढाऱ्यांचा आणि ठगांचा काळ ज्यांनी भोगला, त्यांच्या लेखी हे साधे वर्णन नव्हते. नागपुराहून काशीस जाण्याची जुनी वाट सिवनी, जबलपूर, मैहर, रीवा, मिर्झापूर अशी होती. यात्रेस निघणारा मनुष्य आधी घरादाराची निरवानिरव करी. वाटेत पटकीने मरण पावलेल्याची वार्ता सोबतचे यात्रेकरू केव्हा ना केव्हा आणीत. परंतु जो नुसताच नाहीसा झाला, त्याचे काय? त्याच्या पत्नीने कुंकू पुसावे की ठेवावे, मुलांनी श्राद्ध करावे की वाट पाहावी, याचा निर्णय वर्षानुवर्षे होत नसे.

ही वाट ज्याच्या खटपटीने निर्धोक झाली, त्या अधिकाऱ्याच्या कामाचे मुख्य ठाणे आपले जबलपूरच होते. येथील मराठी कुटुंबांना त्याचे नाव कटनीच्या रस्त्यावरील स्लीमनाबादमुळे ठाऊक असते. माणूस मात्र फारसा ठाऊक नसतो.

विल्यम हेन्री स्लीमन याचा जन्म ८ ऑगस्ट १७८८ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील स्ट्रॅटन या गावी झाला. १८०९ साली तो कंपनीच्या बंगाल सैन्यात दाखल झाला आणि १८१४ ते १८१६ च्या नेपाळ युद्धात लढला. अरबी, फारसी व हिंदुस्थानी या भाषा त्याने मनापासून आत्मसात केल्या. पुढील सर्व कर्तबगारीचे मूळ या भाषाज्ञानात आहे, असे माझे मत आहे. दुभाष्यावर विसंबणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातून हे कार्य झालेच नसते.

१८१७–१८ च्या युद्धानंतर सागरचा पेशव्यांकडील मुलूख आणि जबलपूर–मंडल्याचा नागपूरकर भोसल्यांचा मुलूख कंपनीकडे आला. या सागर–नर्मदा प्रांतात स्लीमनची १८२० साली मुलकी कामावर नेमणूक झाली. १८२२ ते १८२४ या काळात तो नरसिंहपूरचा मुख्य अधिकारी होता. जिल्ह्यातील प्रत्येक चोराची आपणांस माहिती आहे, असे त्यास वाटत असे. पुढे काही वर्षांनी त्याला कळले की, आपल्या कचेरीपासून अवघ्या चारशे यार्डांवरील कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती. आणि त्या कचेरीपासून एका मजलेवरील मंदेसरच्या आमराईत, सागर–भोपाळच्या रस्त्यावर, प्रवाशांना गळफास देऊन पुरण्याची देशातील एक मोठी जागा होती. हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले. अधिकारपदावरील मनुष्य अशी कबुली सहसा देत नाही.

ठगांची पद्धत थोडक्यात अशी. पावसाळा सरला की टोळी घर सोडी. टोळीतील सोठा म्हणजे गोड बोलणारा. तो प्रवाशांशी सलगी करून, वाटा धोक्याच्या आहेत, मिळून जाऊ, असे सुचवी. ठरल्या जागी भुरतोट रुमालाने गळा आवळी, आणि लुघा खड्डा खणून प्रेत पुरून टाकी. रक्त नाही, आरडाओरड नाही, मागे साक्षीदार नाही.

या गुन्ह्याचा भार केवळ मेलेल्यांच्या घरावर पडत नसे. त्या काळी पैसा माणसाच्या कमरेला बांधून गावोगाव जात असे. मुंबईहून इंदुराकडे सोनेनाणे नेणारे पेढ्यांचे विश्वासू जासूद खानदेशात मारले गेल्याची प्रकरणे ठगांच्या जबान्यांत आहेत. रजेवर निघालेला शिपाई पगाराची साठवण घेऊन चालत घरी जाई व कधीच पोचत नसे. १८१० साली बंगाल सैन्याच्या सेनापतीला हुकूम काढून शिपायांना सावध करावे लागले की, रोकड जवळ बाळगू नये, हुंडी करून पाठवावी. वाट असुरक्षित असली म्हणजे माल महागतो, आणि गरीब मनुष्य गाव सोडून कामधंदा शोधावयास धजत नाही.

मग इतकी वर्षे हा प्रकार चालला कसा? याचे उत्तर सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्यांना चटकन पटेल. मेलेला एका राज्याचा, खून दुसऱ्या राज्यात, मारेकऱ्याचे घर तिसऱ्यात, आणि लुटीतला वाटा घेणारा जमीनदार आणखी चौथीकडे. प्रत्येक हाकिमास आपल्या हद्दीपुरतेच दिसे. न्यायालय फिर्यादी मागे. फिर्याद देणार कोण? माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर शिक्षा देण्यास न्यायाधीश कचरत. परिणामी पकडलेले सुटत, आणि साक्ष देणारा मात्र गावी परतून सुडास बळी पडे.

१८२८ साली जबलपूर जिल्हा स्लीमनकडे आला. गव्हर्नर जनरल बेंटिंक आणि प्रांताचा एजंट एफ. सी. स्मिथ यांचे पाठबळ त्याला लाभले. १८३० च्या अखेरीस फिरंगिया नावाचा ब्राह्मण जातीचा जमादार हाती लागला; त्याची आई व बायको आधीच अटकेत होत्या, हेही सांगितले पाहिजे. जीवदान मिळण्याच्या अटीवर त्याने तोंड उघडले. एका आमराईत स्लीमनचा तळ पडला असता फिरंगियाने तंबूभोवतालच्या जागा दाखविल्या. खणले तेथे प्रेते निघाली. तंबूत त्या वेळी स्लीमनची नवपरिणीत पत्नीही होती.

यापुढचे काम तलवारीचे नव्हते, दफ्तराचे होते. प्रत्येक माफीच्या साक्षीदाराला वेगळे ठेवून त्याची जबानी घ्यावयाची, ती दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहावयाची, खड्डे उकरून खातरी करावयाची. प्रत्येक स्वारीत कोण कोण होते याच्या याद्या, घराण्यांच्या वंशावळी आणि खुनांच्या जागा दाखविणारे नकाशे तयार झाले. संस्थानांच्या सरहद्दी ओलांडून शिपाई व साक्षीदार यांच्या तुकड्या पाठविण्याची मुभा मिळाली. ठगांच्या रामसी या गुप्त बोलीचा कोश त्याने १८३६ साली कलकत्त्यास छापविला. जानेवारी १८३५ मध्ये ठगांच्या बंदोबस्ताचा तो मुख्य अधीक्षक झाला, आणि १८३९ साली ठगी व दरोडेखोरी निर्मूलनाचा कमिशनर. १८३१ ते १८३७ या सात वर्षांत ३,२६६ ठगांचा निकाल लागला. त्यांपैकी ४१२ फाशी गेले, ४८३ माफीचे साक्षीदार झाले, बाकीच्यांना काळे पाणी अथवा कैद मिळाली. वाटा खरोखरच मोकळ्या झाल्या. ठगांची कीर्ती विलायतेत पसरविली ती मात्र मेडोज टेलरच्या १८३९ सालच्या कादंबरीने; हा टेलर पुढे आपल्या नळदुर्गास होता.

या कामगिरीची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १८३६ च्या तिसाव्या कायद्यान्वये अमुक एक खून केल्याचे सिद्ध होण्याची गरजच उरली नाही. मनुष्य पूर्वी केव्हा तरी ठगांच्या टोळीत होता एवढे ठरले की जन्मठेप. फाशीच्या दोरातून सुटू पाहणाऱ्या साक्षीदाराने निरपराध्याचे नाव घेतलेच नसेल, अशी हमी कोण देणार? शिवाय ठगी हा देवीच्या आज्ञेने चालणारा वंशपरंपरागत पंथ आहे, असे स्लीमनने मानले. १९५९ साली हिरालाल गुप्त यांनी आणि पुढे इतर संशोधकांनी या समजुतीची चिकित्सा केली. पुष्कळसे ठग हे युद्धे संपल्यावर बेकार झालेले शिपाई, नापिकीने गांजलेले शेतकरी आणि जमीनदारांच्या आश्रयाने जगणारे लोक होते, असे त्यांच्या अभ्यासातून दिसते. बळींचे लाखांच्या घरातील आकडे तर अंदाजावर अंदाज रचून केलेले आहेत.

तरीही केवळ फाशी देऊन काम संपत नाही, हे स्लीमनने ओळखले, हा त्याचा विशेष. माफी मिळालेल्या ठगांना मोकळे सोडता येत नव्हते, आणि त्यांच्या मुलांचा तर काहीच अपराध नव्हता. कॅप्टन ब्राउन याच्या साहाय्याने जबलपुरास उद्योगशाळा निघाली. तेथे तंबू, सतरंज्या व गालिचे होऊ लागले. ज्या हातांनी रुमाल आवळले, त्यांनी पुढल्या पिढीला मागावर बसविले. जबलपुरी तंबूंचा नावलौकिक झाला. परंतु ही शाळा म्हणजे कोंडवाडाही होता. बापाचा धंदा मुलाच्या रक्तात असतो या भीतीने मुलांवरही पहारा राहिला.

माणूस एकसुरी नव्हता. मॉरिशसहून आणलेला ओताहिती ऊस त्याने या भागात रुजविला. १८२८ साली आपल्या गन कॅरेज फॅक्टरीनजीकच्या बडा शिमला टेकडीवर त्याला प्रचंड हाडे सापडली. ती पुढे डायनोसॉरची ठरली. १८४३ पासून ग्वाल्हेरास व १८४९ पासून लखनौस तो रेसिडेंट होता. अवधच्या नबाबाच्या गैरकारभारावर त्याने सडकून लिहिले, परंतु राज्य खालसा करण्यास त्याचा विरोध होता. डलहौसीने त्याचे लिखाण घेतले, सल्ला घेतला नाही. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी अवध खालसा झाले. प्रकृती ढासळून मायदेशी निघालेला मेजर जनरल स्लीमन १० फेब्रुवारीस सिलोनजवळ जहाजावर वारला. त्याचे शव समुद्रातच सोडण्यात आले.

त्याचे खाते मागे उरले. १९०४ साली त्याचे रूपांतर केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खात्यात झाले. जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची कल्पनाही मागे उरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तिला कायमचे रूप दिले, आणि मग संबंध जमातीच्या जमातींची नोंदणी झाली, हजेऱ्या लागल्या, परवान्याशिवाय गाव सोडण्याची बंदी आली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीत आपल्याकडील किती तरी कुटुंबांच्या पिढ्या गेल्या. ज्यांनी कधी कोणाचा केसही वाकडा केला नव्हता, अशांनाही पोलीस पाटलासमोर रात्री हजेरी द्यावी लागे. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, तो कायदा रद्द झाला. त्या जमातींना तेव्हापासून विमुक्त म्हणतात, आणि त्यांच्या वस्त्यांतून तो दिवस आजही स्वातंत्र्यदिनासारखा पाळला जातो.