भाऊराव पाटील आणि जेवणाची पंगत

खेड्यांतील मुलगा गांवची शाळा संपवून पुढें शिकावयास निघाला, म्हणजे पहिला प्रश्न पुस्तकांचा नसतो. तो राहणार कोठें आणि जेवणार कोणाच्या पंक्तीस, हा असतो. डिंगोरे गांवाहून जुन्नर कांहीं फार दूर नाहीं. परंतु शंभर वर्षांपूर्वीं तेथें काय किंवा पुण्यास काय, मुलगा पोंचण्यापूर्वींच त्याची जात जाऊन पोंचत असे. ही अडचण ज्यानें नीट ओळखली, त्या पुरुषाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म ता. २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कोल्हापुराकडील कुंभोज या गांवीं एका जैन कुटुंबांत झाला. ते कोल्हापुरास राजाराम हायस्कुलांत शिकूं लागले व जैन वसतिगृहांत राहिले. त्या शहरांत शाहू महाराजांच्या उत्तेजनानें १९०१ पासून निरनिराळ्या जातींचीं वसतिगृहें निघालीं होतीं. त्यांमुळें खेड्यांतील पुष्कळ मुलांची सोय झाली. तथापि प्रत्येक जातीची चूल वेगळी ती वेगळीच राहिली. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांकरितां मिस क्लार्क वसतिगृह उघडलें, त्या समारंभास भाऊराव गेले. परत येतांच, स्नान केल्यावांचून पंगतीस बसतां येणार नाहीं, असें त्यांस सांगण्यांत आलें. त्यांनीं स्नान केलें नाहीं. तेव्हां त्यांस वसतिगृह सोडावें लागलें. पुढें त्यांचें शिक्षण इंग्रजी सहावीपलीकडे गेलें नाहीं.

पुढें पोटासाठीं त्यांनीं ओगल्यांच्या कांचेच्या मालाची व किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत गांवोगांव प्रवास केला. त्या फिरतींत त्यांस दिसून आलें कीं, गांवच्या शाळेंत रूढि मुलाला दाराबाहेर बसविते, तरी चार अक्षरें त्याच्या कानीं पडतात. परंतु हायस्कूल मोठ्या गांवीं असल्यामुळें ज्याला तेथें कोणी घरांत घेत नाहीं, त्याची शाळाच खुंटते. म्हणून ता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाडजवळील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ सालीं संस्थेचें ठाणें साताऱ्यास आलें. तेथील वसतिगृहांत महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशीं सर्व मुलें एकत्र राहत व एकाच पंक्तीस जेवीत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्या वसतिगृहास शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें.

ही पंगत चालविण्याचा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांजवर पडला. त्या सोंवळेंओंवळें पाळणाऱ्या घरांत वाढलेल्या; तरी त्यांनीं या सर्व मुलांस पोटच्या मुलांप्रमाणें मानलें. धान्य संपे तेव्हां त्या एकेक दागिना मोडीत. शेवटीं सौभाग्याचें लेणें, जें पति हयात असतां स्त्री गळ्यांतून काढीत नाहीं, तें मंगळसूत्रहि त्यांनीं मुलांच्या भाकरीकरितां दिलें. १९३० सालीं त्या निवर्तल्या.

शेतकऱ्यांच्या मनांत आणखी एक भीति असे. शिकलेला मुलगा नांगर धरीत नाहीं, अशी समजूत असल्यामुळें बाप मुलास शाळेंतून काढून घेत. भाऊरावांनीं विद्यार्थ्यांस शेतीचें व श्रमाचें काम लावून दिलें. त्या श्रमांतूनच मुलें आपल्या शिक्षणाचा खर्च भागवूं लागलीं. १९३५ सालीं त्यांनीं खेड्यांकरितां शिक्षक तयार करणारें विद्यालय काढलें व १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव यांच्या नांवें मोफत निवासी हायस्कूल उघडलें. ता. ९ मे १९५९ रोजीं पुणें येथें ते वारले, तेव्हां संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभरांवर गेली होती. स्वतः मॅट्रिक न झालेल्या या गृहस्थास त्याच वर्षीं पुणें विद्यापीठानें डी. लिट्. ही पदवी दिली.

वाचकहो, आपल्यांपैकीं अनेकांच्या वाडवडिलांस शाळेच्या दाराबाहेर बसावें लागलें होतें. आतां तें दार कायद्यानें उघडलें आहे. तथापि रूढि दारांतून निघाली, तरी घरांतून निघत नाहीं. शेजारची मुलगी हुशार असूनहि तिच्या लग्नाची बोलणीं सुरू झालीं कीं तिचें दप्तर खुंटीस लागतें. ऊंसतोडीस निघालेल्या आईबापांबरोबर मुलगा जातो, तो वर्गांत परततच नाहीं. अशा घरीं नुसता उपदेश करून भागत नाहीं. मुलाच्या राहण्याची सोय होईल काय, त्या मुलीला शाळेंत पोंचवावयास सोबत कोण जाईल, हें विचारावें लागतें. भाऊरावांनीं आधीं चूल पेटविली, मग हायस्कूल काढलें. हा क्रम आपणहि ध्यानांत ठेवावा.