बू अली इब्न सीना : औषधांची पारख करणारे हकीम

शेख बू अली इब्न सीना यांचा जन्म सन ९८० मध्ये बुखाऱ्याजवळ अफशना या गावी झाला. दहाव्या वर्षीच त्यांचे कुराणशरीफ मुखोद्गत झाले होते. ते जेमतेम सतरा वर्षांचे असताना बुखाऱ्याचे अमीर नूह बिन मन्सूर यांच्या आजारात त्यांना पाचारण करण्यात आले. अमिराकडे त्यांनी परवानगी मागितली ती शाही ग्रंथालयात बसून वाचण्याची!

त्यांचा 'अल्-कानून फित्-तिब्ब' हा पाच खंडांचा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये जाऊन युरोपातील विद्यापीठांत शतकानुशतके शिकवला गेला. त्याचा दुसरा खंड एकेरी औषधांचा, म्हणजे मुख्यतः झाडपाल्याचा. आपल्याकडे गुडघेदुखीवर कोणी तेल दिले आणि चार दिवसांत सूज उतरली की तेलाचे नाव होते. सूज तेलाने उतरली की आपसूक, हे विचारतो कोण? इब्न सीनांनी नेमके तेच विचारले. औषध शुद्ध असावे. रोग्याला एकच रोग असावा, नाहीतर गुण कशावर आला ते कळणार नाही. परस्परविरुद्ध रोगांवर ते देऊन पाहावे. त्याचा जोर रोगाच्या जोराशी जुळावा, म्हणून सौम्यापासून आरंभ करावा. गुण किती वेळाने आला हे पाहावे आणि तो बहुतेक वेळा यावा. एखाद्या वेळी आला तर तो योगायोग. शेवटी, पारख माणसावरच व्हावी. सिंहावर वा घोड्यावर आलेला गुण माणसाला लागू पडेलच असे नाही.

वेदनेचे पंधरा प्रकार त्यांनी सांगितले. वेदनेचे कारण दूर करणे वेगळे आणि अफूने अंग बधिर करणे वेगळे, हा भेदही त्यांनी स्पष्ट केला.

हमदानचे अमीर शम्सुद्दौला यांना कुलंज, म्हणजे आतड्याचा तीव्र शूळ होता. तो बरा केल्यावर इब्न सीना वजीर झाले. सैन्याने बंड करून त्यांचे घर लुटले, तेव्हा त्यांना चाळीस दिवस लपून राहावे लागले. पण शूळ उलटला आणि अमिरांनी त्यांना माफी मागून परत बोलावले. पुढे फरदजानच्या किल्ल्यात कैदेत असताना त्यांनी कुलंजावरच पुस्तक लिहिले. उपचारांतील अनुभवांची टिपणे मात्र 'कानून' पुरा होण्यापूर्वीच हरवली. हे नुकसान मोठे आहे, कारण नियम आपल्या हाती आले, त्यामागचे रोगी आले नाहीत.

अखेर कुलंजानेच त्यांना गाठले. शिष्य जुजजानी यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. बस्तीच्या औषधात करफ्स, म्हणजे अजमोदाचे बी दोन दांग घालण्यास त्यांनी सांगितले होते. उपचार करणाऱ्या वैद्याने पाच दिरहम घातले. सहा दांगांचा एक दिरहम, म्हणजे मात्रा पंधरापट झाली. हे चुकून झाले की जाणूनबुजून, हे जुजजानींनाही कळले नाही. त्यातच पैसे चोरलेल्या नोकरांनी पकडले जाण्याच्या भीतीने त्यांच्या दुसऱ्या औषधात अफू मिसळली. आता उपाय चालणार नाही हे ओळखून त्यांनी औषध थांबवले. सन १०३७ मध्ये, रमजान महिन्यात, हमदान येथे त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर तेथेच आहे.