देवी अहिल्याबाई आणि खासगीतले पाणी



उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला प्याऊ दिसला की आपण माठातले गार पाणी पितो आणि पुढे जातो. ते पाणी कोणी ठेवले, माठ रोज कोण भरतो, हे आपण विचारीत नाही. आपल्या माळव्यात हा प्रश्न विचारला की एक नाव हटकून आठवते, ते देवी अहिल्याबाई होळकरांचे.

३१ मे १७२५ रोजी नगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) चौंडी या गावी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. सन १७३३ मध्ये त्या सुभेदार मल्हारराव होळकरांच्या सून झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे गेले आणि १७६७ मध्ये एकुलता एक मुलगा मालेराव गेला. असे घाव सोसून त्यांनी कारभार हाती घेतला, महेश्वर ही राजधानी केली आणि अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे २८ वर्षे, राज्य सांभाळले.

होळकरांच्या घरी दोन हिशेब वेगळे असत. एक दौलतीचा, त्यातून फौज व राज्यकारभार चाले. दुसरा खासगीचा. सन १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली होती. १७६१ मध्ये सासूबाई गेल्यावर ती अहिल्याबाईंकडे आली. हा पैसा हक्काने त्यांचा होता. दागिने केले असते, मोठे वाडे बांधले असते, तरी कोणी विचारले नसते. पण त्यांनी खासगीच्या खजिन्यावर तुळशीपत्र ठेवले व तो धर्मकार्याला वाहिला.

पुढे राघोबादादांनी या द्रव्यावर डोळा ठेवला, तेव्हाची आख्यायिका प्रसिद्ध आहे. बाईंनी निरोप पाठवला की हे धन दानाचे आहे, ब्राह्मण म्हणून हवे असेल तर हातावर पाणी सोडून देते. पेशव्यांच्या घरातला माणूस असे दान कसा घेणार? खजिना जागेवरच राहिला.

या खासगीतून काशी, गया, सोमनाथ येथे मंदिरे उभी राहिली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. परंतु तितक्याच आस्थेने विहिरी, बारवा, कुंड आणि घाटही झाले. वेरूळच्या शिवालय तीर्थाचा जीर्णोद्धार त्यांचाच. सर जॉन मालकम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील जाणत्या लोकांना विचारून सन १८२३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अशी नोंद आहे की उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी बाई रस्त्यांवर माणसे नेमीत. महेश्वरच्या आसपास तर नांगराचे बैल थांबवून त्यांनाही पाणी पाजले जाई. मुक्या जनावराची तहान ज्यांना कळली, त्यांना माणसाची वेगळी सांगावी लागली नाही.

आणखी एक गोष्ट विश्वस्त मंडळींनी व आपण सर्वांनी लक्षात घेण्यासारखी आहे. बाई नुसते बांधून मोकळ्या होत नसत. त्या कामांच्या पुढील खर्चासाठी वार्षिक नेमणुका व जमिनीचे उत्पन्न लावून देत. आज एखाद्या गावासाठी वर्गणी गोळा होते, हातपंप बसतो, फोटो निघतो. दोन वर्षांनी दांडा तुटतो आणि गावातल्या बायका पुन्हा घागर घेऊन कोसभर चालतात. कारण दुरुस्तीचा पैसा कोणी बाजूला ठेवलेलाच नसतो.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीला, महेश्वरी त्यांनी देह ठेवला. इकडच्या पंचांगाप्रमाणे ही भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. त्या तिथीला इंदुरात पालखी निघते. मुलांनी पालखीत जरूर जावे. पण पाण्यासाठी एक रुपया दिला किंवा मागितला, तर त्यावरही तुळशीपत्र ठेवावे. त्याचा हिशेब वेगळा लिहावा, तो दुसऱ्या कामाला वापरू नये, आणि पुढच्या वर्षी तिथे पाणी येते की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे.