पोरं नुसती खेळत नाहीत! अंगणवाडीची वाट दाखवणाऱ्या ताराबाई मोडक

औंढा नागनाथ : अंगणवाडीत काय शिकवतात, पोरं नुसती खेळतात, असं आपल्याकडं पारावर नेहमी ऐकायला मिळतं. मग साडेतीन वर्षांच्या लेकराच्या हातात पाटी-पेन्सिल देऊन त्याला शंभरपर्यंत आकडे घोकायला लावतात. पण लहान मूल खेळातूनच शिकतं, हे एका मराठी बाईनं शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्यांचं नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. मुली शाळेची पायरी चढत नव्हत्या, त्या काळात त्या 1914 साली बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या आणि गुजरातमधल्या राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात प्राचार्य झाल्या. पगार चांगला होता, मान होता.

तरीही ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत गिजुभाईंनी तिथं आणली होती. मार नाही, घोकंपट्टी नाही. मुलं हातानं वस्तू हाताळत, गाणी-गोष्टी, खेळ यांतून शिकत. 1926 साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढं ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

पण एक गोष्ट त्यांना खात होती. हे शिक्षण शहरातल्या, पैसेवाल्यांच्या मुलांपुरतंच राहिलं होतं. मॉन्टेसरीचं साहित्य महाग. गावातल्या गरिबाच्या लेकरानं काय करायचं?

म्हणून 1945 साली, वयाच्या 53 व्या वर्षी, मुंबई सोडून त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात आल्या. तिथं त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी मिळून बालवाडी काढली. पण वस्तीवरची पोरं बालवाडीत येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळायचं, कुणाचे आईबाप पहाटेच कामाला गेलेले. दुसरं कुणी असतं तर लोकांना शिक्षणाची किंमत नाही म्हणून मोकळं झालं असतं. ताराबाईंनी उलटा विचार केला. पोरं येत नाहीत ना, मग आपणच जाऊ! बाई वस्तीत जायच्या, कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायच्या आणि तिथंच खेळ, गाणी, शिकणं चालायचं. हीच अंगणवाडी.

महागड्या साहित्याला तोडही गावातच सापडली. खडे, शिंपले, बिया, पानं, काड्या. मोजायला, रंग ओळखायला, लहान-मोठं कळायला आणखी काय लागतं? पुढं त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी गेल्या. तिथं पोरं गुरं राखायला जायची, तर शिक्षकही त्यांच्यासोबत रानात गेले. ती कुरणशाळा. धाकट्यांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी शाळेला लागूनच पाळणाघर ठेवलं, म्हणजे भाऊ झोपला की ताई शिकायला मोकळी.

1962 साली सरकारनं त्यांना पद्मभूषण दिला. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. पुढं 1975 साली केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आज आपल्या वाडी-तांड्यावरची अंगणवाडी त्याच नावानं चालते.

आता आपल्या तालुक्याचं पाहा. चिंचोके आणि सागरगोटे कुठं विकत आणावे लागतात? चिंचोक्याचे पाच-पाचचे ढीग लावले की बेरीज आली. अंगणात खडूनं घरं आखून त्यांत आकडे लिहिले, लंगडी घालत पोरगं पुढं गेलं की आकड्यांची ओळख झाली. तुरीचे, हरभऱ्याचे, ज्वारीचे दाणे वेगळे करताना बोटांना जे वळण लागतं, तेच पुढं पेन्सिल धरायला कामी येतं. मात्र अगदी लहान लेकरू दाणे तोंडात-नाकात घालतं, तेव्हा मोठ्या माणसानं जवळ बसायला हवं.

तेव्हा उद्या लेकरू अंगणवाडीतून घरी आलं की आज काय लिहिलं, असं विचारू नका. आज काय खेळलास, असं विचारा. आणि जमलं तर दहा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून त्याच्यासोबत खाली बसून चिंचोके खेळा.