विदुषी इरावतीबाई कर्वे आणि आपला कुंभार समाज

आपल्या स्मरणिकेत संतश्रेष्ठ गोरोबाकाकांचे चरित्र वारंवार येत असते, आणि ते यावयासच हवे. यंदा मात्र आम्ही एका अशा विदुषीचे चरित्र सभासद-कुटुंबांपुढे ठेवीत आहोत, की ज्या आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या आणि आपल्या जिल्ह्याच्याही नव्हत्या. तथापि महाराष्ट्रातील कुंभार हे मूळचे एक की अनेक, हा प्रश्न ज्या थोड्या अभ्यासकांनी शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिला, त्यांत डॉ. इरावतीबाई कर्वे यांचे नाव अग्रभागी येते. वधू-वर सूचीत पोटजातीचा रकाना ठेवावा की काढून टाकावा, याविषयी आपल्या मंडळात जो वाद चालला आहे, तो ऐकताना आम्हांस इरावतीबाईंचे स्मरण होते. म्हणून हा प्रपंच.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर हे तेथे अभियंता होते. त्या देशाची जीवनदायिनी जी इरावती नदी, तिचेच नाव कन्येस ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी त्यांस पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत धाडण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री जडली आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या मुलीप्रमाणे वाढल्या. त्या घरात ग्रंथांची व वादविवादाची रेलचेल होती. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि मुंबईस डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे स्वतःच्याच जातीवर, प्रबंध लिहून १९२८ साली त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली. आपल्या जातीकडे परक्याच्या नजरेने पाहावयाचे, ही सवय त्यांस तेव्हापासूनच लागली असावी.

त्यांचा विवाह रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. श्वशुर म्हणजे साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारले. परंतु सुनेने पुढील शिक्षणास जर्मनीस जावे, हे महर्षींस रुचले नाही. घरोघरी मातीच्याच चुली, ही म्हण आपण कुंभारांनी म्हणावी, तितकी कोणी अधिकाराने म्हणू नये! दिनकररावांनी मात्र पत्नीची बाजू घेतली आणि १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या.

बर्लिन येथे मानववंशशास्त्राची जी संस्था होती, तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत १९०८ साली जाऊन त्यांनी तेथील गोऱ्या बापांच्या व स्थानिक आयांच्या संततीचा अभ्यास केला होता आणि अशा मिश्र विवाहांस विरोध दर्शविला होता. पुढे हिटलरच्या राजवटीत ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. अशा गुरूपाशी हिंदुस्थानातून गेलेली ही तरुणी विद्यार्थिनी म्हणून उभी राहिली. मनुष्याच्या कवटीच्या उजव्या व डाव्या बाजूंत जो थोडा असमतोल असतो, त्याचा वंशाशी काही संबंध आहे काय, हा तिचा विषय. मोजावयास मिळालेल्या कवट्यांत पूर्व आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून आणलेल्याही होत्या. ती हाडे तेथवर कशी आली असतील, त्यांच्या आप्तेष्टांस कोणी विचारले असेल काय, हा विचार आज मनात आल्यावाचून राहत नाही. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली, गणित केले आणि वंशाशी या असमतोलाचा संबंध लागत नाही असा निष्कर्ष मांडला. गुरूच्या अपेक्षेस न जुमानता आकड्यांचे ऐकावे, हे धैर्य परदेशी विद्यापीठात परावलंबी देशातून आलेल्या स्त्रीने दाखविले, याचे महत्त्व आम्हांस फार वाटते.

परत आल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाचे निबंधकपद सांभाळले आणि १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या रुजू झाल्या. मृत्यूपर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र तेच राहिले. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविणारी ही बाई मोजमापाची साधने घेऊन खेडोपाडी हिंडे, पारावर बसे, बायकांच्या ओव्या उतरून घेई. १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. उत्तरेत मुलगी परक्या गावी, अनोळखी माणसांत दिली जाते, तर दक्षिणेत बहुधा नात्यातच पडते. यामुळे तिच्या सासरच्या आयुष्यात केवढे अंतर पडते, हे त्यांनी उलगडून दाखविले. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही, हा आपल्याकडील आजीबाईंचा नियम त्या ग्रंथात शास्त्राच्या आसनावर बसलेला पाहून आम्हांस मौज वाटली होती.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जात ही एकच होती आणि कालांतराने तिचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, असे घुर्ये मानीत. आपल्यापैकी बहुतेकांचीही समजूत तशीच आहे. इरावतीबाईंनी गुरूच्या या मताविरुद्ध भूमिका घेतली. त्यांचे म्हणणे असे की, ज्या गटात सोयरिक होते तो गट हीच खरी जात. तो एक विस्तारलेला नात्यागोत्याचा गोतावळा होय. ब्राह्मण किंवा कुंभार ही नावे अशा अनेक गोतावळ्यांवर वरून पांघरलेली आहेत. ब्राह्मणांतील आठ गटांची तुलना त्यांनी डॉ. मल्होत्रा यांच्यासह १९६८ साली प्रसिद्ध केली आणि समान दर्जाच्या या गटांत शरीरमापांचे भेद दाखवून दिले. कुंभारांविषयीही त्यांनी हेच मांडले. थोरचाके आणि लहानचाके ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असत. चाक निराळे, काम करण्याची रीत निराळी, वस्तीचा प्रदेश निराळा, आणि सोयरिक नाही. तेव्हा हे एका मडक्याचे तुकडे नसून निरनिराळ्या आव्यांत भाजलेली निरनिराळी मडकी होत. धंदा एक म्हणून गावाने त्यांस एक नाव दिले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आम्ही आमच्या भाषेत सांगतो.

हे वाचून आपल्यातील काही मंडळी नाराज होतील. काहीजण तर याचा उलट उपयोग करून म्हणतील, की पाहा, आपण मुळातच वेगळे, मग रकाना असू द्या. आम्हांस तसे वाटत नाही. आपण पूर्वी एक होतो म्हणून आता एक व्हावे, या युक्तिवादाचा आधार इरावतीबाईंनी काढून घेतला हे खरे. परंतु पूर्वी एक नव्हतो म्हणून पुढेही होऊ नये, असे त्यांच्या संशोधनातून कोठेही निघत नाही. आव्यात माती, राख व लीद यांचा हिशेब ठेवणाऱ्यास दोन ओढ्यांची माती कालविणे नवे नाही. एका मातीला चिकटपणा नसला तर दुसरी त्यात मिसळावीच लागते. आपल्या मुलामुलींनी शिक्षण, स्वभाव व घर पाहावे आणि चाकाचा व्यास मोजू नये, हे आमचे मत आहे.

इरावतीबाईंच्या पद्धतीत उणिवा नव्हत्या असे नाही. डोक्याची व नाकाची मापे घेऊन मनुष्याचे मूळ शोधण्यावर आजचे अभ्यासक फारशी भिस्त ठेवीत नाहीत. गोतावळे शेजारी शेजारी नांदले, हे त्यांनी सुंदर रीतीने दाखविले. पण खळ्यावर बलुत्याच्या पेंढीसाठी ताटकळणारा कुंभार आणि ती पेंढी देणारा हात यांतील अंतर त्यांच्या मांडणीत फिके पडले, अशी टीका आम्हांस रास्त वाटते. मात्र ही विषमता त्यांस दिसत नव्हती, असेही म्हणता येत नाही. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर त्या पंढरीस चालत गेल्या, तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठे यांच्या पंगती निराळ्या बसतात याने त्यांचे मन व्यथित झाले आणि त्यांनी ते लिहून ठेवले.

आपल्या जिल्ह्याशी त्यांच्या संस्थेचा संबंध जुना आहे. डेक्कन कॉलेजातील त्यांचे सहकारी डॉ. ह. धी. सांकलिया यांनी संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली आणि नंतर ज्ञानेश्वरीच्या नेवाशास उत्खनने केली. जोर्वे येथे सापडलेली तांबडी, काळ्या रेघांची, चाकावर घडविलेली भांडी तीन हजार वर्षांपूर्वीची असून तशा भांड्यांच्या संस्कृतीस आज जगभर जोर्वे हेच नाव आहे. ती घडविणारे आपले पूर्वज होते असे छातीठोकपणे सांगण्याचा मोह आम्हांस होतो. इरावतीबाईंनी तो नक्कीच आवरावयास लावला असता.

उतारवयात त्यांची दृष्टी घरादारांस मुकलेल्या लोकांकडे अधिक वळली. कोयना धरणामुळे उठविल्या गेलेल्या कुटुंबांची पाहणी त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली व ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, तेव्हापासून अशी गावे आपल्या जिल्ह्यासही अपरिचित नाहीत. महाभारतावरील त्यांच्या युगान्त या ग्रंथास १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. त्यात खांडववन जाळताना कृष्णार्जुनांनी वनवासी प्राणिमात्रांस व नागांस पळूनही जाऊ दिले नाही, या प्रसंगाकडे त्यांनी वीरगाथा म्हणून पाहिले नाही; नव्या जमिनीसाठी मूळ रहिवाशांचा केलेला संहार म्हणून पाहिले.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. गंगाजल हा त्यांचा लेखसंग्रह मागाहून, १९७२ साली निघाला. ज्यांस त्यांचे लेखन वाचावयाचे असेल त्यांनी आरंभ परिपूर्ती किंवा भोवरा या ललितलेखांपासून करावा, आणि मग मराठी लोकांची संस्कृती हे पुस्तक हाती घ्यावे. सूचीच्या रकान्याचा निर्णय सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे. तत्पूर्वी ते वाचून झाले तर बरे.