जीपच्या खाली दडलेला शास्त्रज्ञ: रॉबर्ट हूक

माझ्या मित्राने मागच्या वर्षी एक जुनी जीप घेतली. ऑफ-रोडिंगसाठी तिचं सस्पेन्शन उचललं, मोठे टायर टाकले, आणि मग लक्षात आलं की मूळ प्रॉपशाफ्ट आता आखूड पडतोय. प्रॉपशाफ्ट म्हणजे गाडीच्या पोटाखालचा तो लांब पोलादी पाइप, जो गिअरबॉक्सकडचं फिरणं अॅक्सलपर्यंत नेतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो. एका वर्कशॉपमधून लांब शाफ्ट बनवून घेतला आणि आम्ही पाम बीच रोडला निघालो. साठच्या पुढे काटा गेला आणि अख्खी जीप व्हायब्रेट मोडवरच्या फोनसारखी थरथरायला लागली.

क्रॉस नवे होते, बॅलन्सिंगही झालेलं होतं. शेवटी गाडीखाली झोपून पाहिलं तेव्हा दिसलं की पाइपच्या दोन टोकांना वेल्ड केलेले योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन कान, एका रेषेत नाहीत. ही चूक कशी टाळायची ते एका माणसाने १६८३ सालीच सांगून ठेवलंय. मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन ऐरोलीत कोड लिहिणाऱ्या असंख्य लोकांपैकी एक. थिअरी ऑफ मशीन्समध्ये 'हूक्स जॉइंट' मार्कांपुरता पाठ केला होता. हा हूक कोण होता, हे मात्र त्या थरथरणाऱ्या जीपमुळे वाचलं.

रॉबर्ट हूकचा जन्म १६३५ चा, इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटावरचा. वडील चर्चमध्ये पाद्री. पोरगा इतका आजारी असायचा की तो जगेल याची घरच्यांना खात्री नव्हती. पण हात भारी होता. पितळी घड्याळ उघडलेलं पाहिलं आणि तसंच लाकडाचं बनवलं, तेही चालणारं! १३ वर्षांचा असताना वडील गेले. लंडनला एका चित्रकाराकडे शिकायला राहिला, पण तेलरंगांच्या वासाने डोकं दुखायचं, म्हणून ते सोडून वेस्टमिन्स्टर शाळेत गेला. तिथे त्याला लेथचा नाद लागला. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्याच्या पाठीला कायमचा बाक आला. सतत लेथवर वाकून काम केल्याने तो आला, असं तो स्वतःच सांगायचा म्हणे.

पुढे ऑक्सफर्डला रॉबर्ट बॉइलने त्याला मदतनीस म्हणून घेतलं. 'बॉइलचा नियम' ज्या हवेच्या पंपावर उभा आहे तो पंप हूकच्या हातचा. १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग दाखवण्याच्या नोकरीवर ठेवलं. दर आठवड्याच्या बैठकीत तीन-चार नवे प्रयोग, आणि पगाराचा पत्ता नाही. आजच्या स्टार्टअपमधल्या पहिल्या एम्प्लॉयीसारखंच ते. १६६५ मध्ये त्याचं 'मायक्रोग्राफिया' आलं. सूक्ष्मदर्शकाखालच्या पिसवेचं भलं मोठं चित्र त्यात आहे, आणि बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या खोल्यांना त्याने दिलेलं 'सेल' हे नावही. शाळेत आपण पेशी शिकलो ती इथून. स्प्रिंग जितकी ओढाल तितकी ताण देते, हा नियमही त्याचाच. जीपच्या सस्पेन्शनमध्ये तोच बसलाय.

१६६६ च्या आगीत लंडन जळालं. त्यानंतर हूक शहराचा सर्व्हेअर झाला. दिवसा जळक्या प्लॉटच्या हद्दी मोजायच्या, रात्री आकाश. याच काळात त्याने तो जॉइंट हाती घेतला.

कल्पना तशी जुनी होती. रील काढताना तुम्ही फोन ज्या गिंबलवर लावता, त्यातल्या कड्यात कडं बसवायच्या युक्तीचं हे भावंड. इटलीच्या कार्डानोचं नाव तिला चिकटलं, म्हणून आजही कार्डन शाफ्ट म्हणतात. हूकने त्याचं गणित केलं आणि त्यातली खोड पकडली. दोन शाफ्ट कोनात जोडले की पहिला एकसारखा फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. एका फेरीत तो दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. कोन २० अंशांचा आणि पहिला शाफ्ट २००० आरपीएमवर असेल, तर दुसरा सुमारे १८८० ते २१३० च्या मध्ये हेलकावे खातो, सेकंदाला ६७ वेळा. आमच्या जीपची थरथर ती हीच.

गंमत म्हणजे हूकला ही खोड आवडली. सपाट पाटीवरच्या सूर्यघड्याळाची सावलीही दिवसभर एकाच वेगाने सरकत नाही. तिचं गणित आणि या जॉइंटचं गणित एकच आहे! म्हणजे साध्या घड्याळाला योग्य कोनात हा जॉइंट जोडला की काटा हुबेहूब सावलीसारखा सरकेल. बग हेच फीचर म्हणतात ना, तसं. १६७६ च्या पुस्तकात त्याने याला युनिव्हर्सल जॉइंट म्हटलं. मग १६८३ मध्ये त्याने तोडगाही सुचवला: मधल्या शाफ्टला दोन्ही टोकांना एकेक जॉइंट, असा बसवलेला की पहिल्याने केलेला हेलकावा दुसरा उलटा करून पुसून टाकेल. त्यासाठी मधल्या पाइपवरचे दोन्ही योक एका रेषेत हवेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. गाड्यांसाठी या जॉइंटचं पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पाइसरने घेतलं ते १९०३ मध्ये, म्हणजे तब्बल २२० वर्षांनी.

हूकचा शेवट मात्र वाईट झाला. गुरुत्वाकर्षणाची कल्पना आपण न्यूटनला पत्रातून दिली होती, असं त्याचं म्हणणं. न्यूटनने श्रेय दिलं नाही. हूकही भांडकुदळ आणि संशयी होता, हे मान्य करायला हवं. १७०३ मध्ये तो गेला तेव्हा दृष्टी जवळपास संपली होती, आणि घरातल्या पेटीत हजारो पौंड पडून होते. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचं एकही खात्रीचं चित्र आज उपलब्ध नाही. ते न्यूटननेच गायब केलं ही गोष्ट नेटवर खूप फिरते, पण तिला पुरावा नाही. त्याची कबरही आता सापडत नाही.

जीप आम्ही कळंबोलीला नेली, ट्रकचे शाफ्ट करणाऱ्या एका लेथवाल्या काकांकडे. त्यांनी आधी गाडी चारही चाकांवर सपाट उभी करायला लावली, कारण जॅकवर चढवून घेतलेलं माप चुकतं. गिअरबॉक्सकडचा आणि अॅक्सलकडचा कोन मी फोनमधल्या लेव्हल अॅपवर मोजला. दोन्हींत चार अंशांचा फरक निघाला, तो अॅक्सलखाली पाचर घालून काढला. मग काकांनी पाइपवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूने सरळ रेघ मारली, योक त्या रेघेवर धरले, आधी फक्त टाके मारून पुन्हा तपासलं आणि नंतर पूर्ण वेल्ड केलं. बॅलन्सिंग सगळ्यात शेवटी. हूकचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. येताना सायन-पनवेल हायवेला जीप ऐंशीला गेली, आणि डॅशबोर्डवरचा फोन जागचा हलला नाही.