अंगणातील शाळा

चार वर्षांच्या मुलाला एक ते शंभर आकडे घडाघडा म्हणता आले की, घरातील वडीलधाऱ्या मंडळींना मोठी धन्यता वाटते. पण त्याच मुलापुढे सात चिंचोके टाकून ते किती आहेत असे विचारले, तर पुष्कळदा ते गोंधळून जाते. आकडे त्याला पाठ असतात. संख्या मात्र अजून कळलेली नसते. ती कळण्यासाठी मुलाला हातपाय हालवू द्यावे लागतात, वस्तू उचलू द्याव्या लागतात. ही साधी गोष्ट महाराष्ट्राला ज्यांनी पटवून दिली, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे अनुयायी असल्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरातून आडकाठी झाली नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया अगदी थोड्या होत्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु संसारात त्यांना सुख लाभले नाही आणि पुढची वाट एकटीनेच चालण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. मानाची, स्थिर अशी ही नोकरी त्यांनी सोडली आणि १९२३ साली त्या भावनगरला गेल्या. तेथे गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांची शाळा चालवीत होते. तिचे नाव दक्षिणामूर्ती बालमंदिर.

या बालमंदिरात छडी नव्हती, पाढ्यांचा घोष नव्हता. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोम शहरात गरीब मुलांसाठी बालगृह उघडले होते. त्यांच्या पद्धतीचा गिजुभाईंनी कसून अभ्यास केला होता. माँटेसोरीबाईंच्या साधनांत दहा काठ्या असतात. सर्वांत लहान काठी दहा सेंटिमीटरची आणि सर्वांत मोठी एक मीटरची. प्रत्येक काठीवर दहा दहा सेंटिमीटरचे तांबडे व निळे पट्टे असतात. मूल एकेक काठी उचलून आणते आणि क्रमाने मांडते. लहान काठी एका हातात मावते. मोठी आणताना दोन्ही हात पसरावे लागतात, वळताना ती कोठे आपटणार नाही याची काळजी घ्यावी लागते. एकाहून दहा किती मोठा, हे अशा वेळी डोळ्यांबरोबर खांद्यांनाही समजते. जमिनीवर आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळीत चालण्याचा खेळही तेथे असे. पाहणाऱ्याला तो नुसता खेळ वाटे. पण शरीर स्थिर झाले की लक्षही स्थिर होते. अलीकडे युरोपातील काही संशोधकांनी मुलांना अंकांच्या ओळीवर प्रत्यक्ष पाऊल टाकायला लावून पाहिले. नुसते बसून शिकणाऱ्या मुलांपेक्षा अशा मुलांना संख्यांचा अंदाज अधिक चांगला येतो, असे त्यांना आढळून आले.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी शिक्षणपत्रिका चालवली, शिक्षिका तयार केल्या आणि १९३६ साली मुंबईत दादर येथे येऊन शिशुविहार सुरू केले. शहरात त्यांचे नाव झाले. तरीही एक शल्य त्यांच्या मनात होते. माँटेसोरीची साधने महाग होती. ज्या घरात दोन वेळच्या अन्नाची भ्रांत, तेथील मुलांनी ती कोठून आणावीत?

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाई मुंबई सोडून बोर्डी या समुद्रकाठच्या खेड्यात राहायला गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ या पस्तीस वर्षांच्या शिक्षिका त्यांच्याबरोबर होत्या. तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. परंतु ज्यांच्यासाठी ते उघडले, ती दलित वस्तीतील मुले येईनात. आईबाप पहाटेच कामाला जात, मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळीत. शिवाय उच्चवर्णीयांच्या मुलांशेजारी आपले मूल बसले तर काय होईल, ही भीती होतीच. ती खोटी होती असे कोण म्हणेल?

मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांकडे न्यावी, असे ताराबाईंनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना न्हाऊ घालायचे, त्यांचे केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी व खेळ सुरू करायचे. हीच अंगणवाडी. दुकानातील साधनांची जागा शंखशिंपले, खडे, बिया, पाने आणि बांबूचे तुकडे यांनी घेतली. रत्नागिरीच्या भाट्याच्या वाळूत काय किंवा बोर्डीच्या किनाऱ्यावर काय, समुद्र शिंपल्यांचे पैसे मागत नाही. लहानमोठे शिंपले निरनिराळे करताना मूल वर्गवारी शिकते. एका पानावर एक बी ठेवता ठेवता बी उरली की पाने कमी पडली, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. ओंजळ भरून खडे आणताना जास्त आणि कमी यांचा भार त्याच्या हातांनाच जाणवतो. अंक लिहिणे पुष्कळ नंतर येते, आणि तसे आले म्हणजे ते जडही जात नाही.

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवताली वारली पाडे होते. तेथे अडचण वेगळी होती. मुले गुरांमागे रानात जात. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, त्यालाच लागून बालवाडी आणि प्राथमिक शाळा, अशी रचना झाली. तिला विकासवाडी म्हणत. धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरल्या बहिणीला वर्गात बसता येऊ लागले.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पसरला. कोसबाडच्या टेकडीवरचे काम अनुताईंनी १९९२ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत पुढे चालवले.